हरलेल्या शर्यतीनंतरचा तास

कापूस घरी आला, शेतातली घाई ओसरली, की विदर्भात पटाचे वेध लागतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट तर दूरवर प्रसिद्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात धुरकरी म्हणजे कोण, हे कुणाला सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी एवढेच सांगतो, की शंकरपटात बैलजोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. वर्षभर जोडीला खुराक द्यायचा, सराव करून घ्यायचा, लेकरासारखे जपायचे आणि प्रत्यक्ष शर्यत मात्र काही सेकंदांची. त्यातच एखादा बैल बिचकला, जोडी तिरकी गेली, की वर्षाची मेहनत मातीत. वरून भोवतालच्या गर्दीचे शेरे आणि हल्ली मोबाइलवर फिरणारी चित्रफीत. मैदानावरचा धुरळा तासाभरात खाली बसतो, धुरकऱ्याच्या मनातला मात्र आठ-आठ दिवस बसत नाही.

आता दुसरे टोक पाहा. फॉर्म्युला वनची गाडी ताशी 300 किलोमीटरच्या पुढे धावते. चालक दीड-दोन तास त्या अरुंद खोबणीत जखडलेला असतो. शर्यत फसली, तर काही मिनिटांत त्याला कॅमेऱ्यांपुढे उभे राहून जगाला उत्तर द्यावे लागते. दोघांच्या वेगात आणि पैशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण हरल्यानंतर शरीरात आणि डोक्यात जे घडते, ते दोघांचे जवळपास सारखेच. चालकांच्या दिमतीला डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ असल्यामुळे त्यांच्याकडे या गोष्टीचा विचार बारकाईने झाला आहे. आपल्याला त्यातून काय घेता येईल, ते पाहू.

शर्यत संपते, शरीराला ते कळत नाही

शर्यतीत चालकाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 160 ते 180पर्यंत जातात. उष्ण हवामानात घामावाटे दोन-तीन किलो वजन उतरते. अॅड्रेनालिन हे संप्रेरक क्षणात रक्तात उतरते आणि तसे लवकर ओसरतेही. त्याच्या मागून येणारे कॉर्टिसोल मात्र सावकाश चढते. ताणाचा प्रसंग घडल्यानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते सर्वात वर असते आणि खाली यायला तासभर किंवा जास्त वेळ लागतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शर्यत हरून चालक जेव्हा पत्रकारांपुढे उभा राहतो, नेमके तेव्हाच त्याचे शरीर सर्वाधिक खवळलेले असते. डोळ्यांना शर्यत संपलेली दिसते, शरीर अजून लढतच असते. अशा वेळी मेंदूतील धोका ओळखणारा भाग, म्हणजे अमिग्डाला, जोरात असतो. पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा भाग त्याच्यापुढे थोडा मागे पडतो. म्हणून माणूस नंतर म्हणतो, "तेव्हा माझ्या तोंडून कसे निघून गेले, कळलेच नाही." ही पळवाट नव्हे, शरीराचा धर्म आहे. मात्र तो आधीच माहीत असला, तर त्या तासात काय करायचे नाही, हे ठरवून ठेवता येते.

एका क्षणाचा हिशेब

25 जून 2017. अझरबैजानमधील बाकूची शर्यत. संथ सुरक्षा गाडीच्या मागे सगळे चालले होते. पुढच्या लुईस हॅमिल्टनने मुद्दाम ब्रेक लावला, असे सेबॅस्टियन व्हेटेलला वाटले. त्याची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर मागून आदळली आणि मग रागाच्या भरात त्याने शेजारी येऊन आपले चाक हॅमिल्टनच्या चाकावर नेऊन धडकवले. चार वेळचा जगज्जेता तो. शिक्षा म्हणून त्याला दहा सेकंद थांबावे लागले. गंमत अशी, की त्याच सुमारास हॅमिल्टनच्या डोक्यामागची गादी सैल झाली आणि त्यालाही थांबावे लागले. व्हेटेलने डोके शांत ठेवले असते, तर विजय त्याच्या हाताशी होता. तो चौथा आला. हॅमिल्टनने गैर काही केले नव्हते, हे गाडीच्या नोंदींवरून दिसले. पुढे व्हेटेलने जाहीर माफी मागितली.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. 1 जून 2025, बार्सिलोना. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना मॅक्स व्हर्स्टॅपेनच्या मनासारखे काहीच घडेना. टायर मनासारखे नाहीत, एक स्पर्धक पुढे निघून गेला आणि त्यातच जॉर्ज रसेलला जागा सोडून दे, असा संघाचा निरोप आला. त्याने वेग कमी केला आणि मग त्याची गाडी रसेलच्या गाडीवर आदळली. दहा सेकंदांची शिक्षा झाली. पाचव्या क्रमांकावरून तो दहाव्या क्रमांकावर घसरला, म्हणजे दहा गुणांच्या जागी एक गुण. दुसऱ्या दिवशी त्याने आपली ती कृती योग्य नव्हती, असे कबूल केले. डिसेंबरमध्ये हंगाम संपला तेव्हा लँडो नॉरिसचे 423 गुण होते आणि व्हर्स्टॅपेनचे 421. जगज्जेतेपद दोन गुणांनी गेले. वर्षभरातील चोवीस शर्यतींचा हिशेब एकाच घटनेवर मांडणे बरोबर नाही, पण ते नऊ गुण विसरणेही सोपे नाही.

या दोन प्रसंगांत एक धागा समान आहे. दोघेही पहिल्या चुकीने बुडाले नाहीत. पहिल्या घटनेवर त्यांनी जी दुसरी घटना रचली, तिने बुडवले. वाहनावर, शेतात, कचेरीत, घरात आपले बहुतेक नुकसान असेच होते. पहिला फटका नशिबाचा असतो. दुसरा आपण आपल्या हाताने मारून घेतो.

राग बाहेर काढला की मोकळे वाटते?

"राग मनात ठेवू नकोस, ओकून टाक," असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. वाफ कोंडली तर भांडे फुटेल, ही उपमा पटण्याजोगी वाटते. प्रयोगांनी मात्र तिला दुजोरा दिलेला नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी चिडवले. मग काहींना, ज्याने चिडवले त्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पोत्यावर ठोसे मारायला लावले आणि काहींना नुसते गप्प बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग शांत बसलेल्यांपेक्षा जास्त राहिला. 2024 मध्ये बुशमन आणि सोफी शेर्विक यांनी 154 अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या. संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे अशा, शरीराची खळबळ कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, असे त्यांना आढळले. खळबळ वाढवणाऱ्या गोष्टींचा उपयोग होत नाही. धावण्याने तर राग किंचित वाढलेला दिसला. धावणे हृदयासाठी उत्तमच, पण भांडणानंतर तावातावाने धावायला जाणे हा रागावरचा उपाय नव्हे.

म्हणजे राग गिळून टाकायचा का? तेही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत, भावना चेहऱ्यावर दिसू न देणाऱ्यांचे चेहरे शांत राहिले, पण शरीरावरचा ताण वाढला. ओकणे आणि गिळणे या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, ती म्हणजे भावनेला नाव देणे. मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात, चेहऱ्यांची चित्रे पाहताना त्यांवरील भावनेला शब्दांत नाव दिले, की पाहणाऱ्याच्या अमिग्डालाची हालचाल कमी होते, असे मेंदूच्या चित्रांत दिसले. "मी चिडलो आहे", "मला लाज वाटते आहे", "मला भीती वाटते, की लोक हसतील", एवढे स्वतःशी नेमके म्हणणेही औषधाचे काम करते. आपल्याकडे बऱ्याच पुरुषांच्या तोंडी यासाठी एकच शब्द असतो, "डोके फिरले". डोके कशाने फिरले, हे शोधले तर त्याखाली अनेकदा राग नसतोच. तिथे अपमान असतो, नाही तर भीती.

कॅमेरा समोर असताना

पत्रकारांपुढे येणे हा फॉर्म्युला वनच्या चालकाच्या कामाचाच भाग आहे. त्याचा ताण किती, हे सप्टेंबर 2024 मध्ये सिंगापूरला दिसले. पत्रकार परिषदेत अपशब्द वापरला म्हणून व्हर्स्टॅपेनला समाजसेवेची शिक्षा झाली. त्याचा निषेध म्हणून त्याने पुढच्या पत्रकार परिषदेत एक-दोन शब्दांतच उत्तरे दिली. नियम योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. एक गोष्ट मात्र त्याने न बोलता दाखवली. प्रश्न विचारला, की मनातले सगळे उलगडून सांगितलेच पाहिजे, असे नाही.

हॅमिल्टनची तऱ्हा निराळी. 12 डिसेंबर 2021 रोजी अबू धाबीला शेवटच्या फेरीत, वादग्रस्त निर्णयानंतर, त्याचे आठवे जगज्जेतेपद हुकले. गाडीतून उतरून त्याने प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले आणि मग काही आठवडे समाजमाध्यमांवर एक शब्दही लिहिला नाही. फेब्रुवारीत तो परतला. काहींना तो रुसवा वाटला, पण विज्ञानाच्या नजरेतून ते शहाणपण होते. ताजी जखम रोज हजार लोकांना दाखवली, तर ती बरी कधी होणार?

लँडो नॉरिसने 2021 मध्ये उघडपणे सांगितले, की पहिल्या हंगामांत आपल्याला स्वतःच्या क्षमतेबद्दल शंका छळत होत्या. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला रशियात सोची येथे तो पहिल्या विजयापासून काही फेऱ्या दूर होता. पाऊस सुरू झाला, पावसाचे टायर घालायला तो वेळेवर आला नाही आणि सातवा आला. पहिला विजय मिळायला मे 2024 उजाडले. मायामीतील ती त्याची 110वी शर्यत होती. त्याचे 109 प्रयत्न जगाने मोजले होते.

हिशेब कसा मांडायचा?

शर्यत संपल्यावर प्रत्येक संघात एक बैठक होते. चालक आणि अभियंते नोंदी समोर ठेवून बसतात. कुठल्या वळणावर वेळ गेला, कुठे टायर तापले, निरोप कधी दिला, तो कधी पाळला. दोष देण्यासाठी ही बैठक नसते. झालेल्या घटनेचे तुकडे करण्यासाठी असते. गाडीमुळे काय झाले, डावपेचांमुळे काय, हवामानामुळे काय आणि माझ्यामुळे काय. "मी नालायक आहे" या वाक्यावर काहीच करता येत नाही. "तिसऱ्या वळणावर मी ब्रेक उशिरा लावला" यावर उद्याच काम सुरू करता येते.

31 ऑगस्ट 2025 रोजी नेदरलँड्समध्ये झांडवूर्टला नॉरिस दुसऱ्या क्रमांकावर होता. शर्यत संपत आली असताना तेलगळतीने त्याची गाडी बंद पडली. मैदानाशेजारच्या वाळूच्या टेकाडावर तो एकटाच बसून राहिला. ते चित्र जगभर गेले. संघातल्याच ऑस्कर पियास्ट्रीने शर्यत जिंकली आणि गुणांची दरी 34 झाली. पण या घटनेचे तुकडे केले, तर त्यात चालकाची चूक काहीच नव्हती. दरी मोठी होती, पण त्याचा दोष स्वतःच्या माथी मारून घेण्याचे कारण नव्हते. तोच नॉरिस डिसेंबरमध्ये जगज्जेता झाला.

आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. 2011 मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून निवडलेल्या मुलांमध्ये तो होता. 2020 मध्ये तो फॉर्म्युला टूमध्ये पोहोचला. तिथे त्याच संघातला युकी त्सुनोदा शर्यतींमागून शर्यती गाजवत होता आणि दारूवाला मागे पडत होता. एकाच संघाच्या गाड्या दोघांच्याही हाती, त्यामुळे तुलना टळत नाही. हंगामाच्या अगदी शेवटच्या शर्यतीत, 6 डिसेंबर 2020 रोजी बहारीनमध्ये साखीर येथे, मिक शूमाकर आणि डॅन टिकटम यांच्याशी झुंजून तो जिंकला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. त्सुनोदा पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. दारूवालाला ती जागा आजवर मिळालेली नाही. 2022 मध्ये मॅक्लारेनची गाडी त्याने चाचणीत चालवली, 2024 मध्ये तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत उतरला. चिकाटी ठेवली की सगळेच मिळते, असे ही गोष्ट सांगत नाही. स्वप्नातली जागा मिळाली नाही, तरी माणूस आपले काम उत्तम करत राहू शकतो, एवढेच ती सांगते. मला ते जास्त उपयोगाचे वाटते.

डोके थंड ठेवणे हा जन्मजात गुण आहे का? 2013 मध्ये इटलीतील संशोधकांनी व्यावसायिक चालक आणि सामान्य वाहनचालक यांच्या मेंदूंची तुलना केली. चालवण्याशी संबंधित तेच काम करताना व्यावसायिकांच्या मेंदूचा कमी भाग कामाला लागत होता. म्हणजे कसलेला मेंदू काटकसरीने चालतो. शरीरासारखा तोही सरावाने घडतो. निको रॉसबर्ग 2016 मध्ये जगज्जेता झाला, त्या हंगामात ध्यान हा त्याच्या तयारीचा भाग होता.

वड्याचे तेल वांग्यावर

पुन्हा पटाच्या मैदानावर येऊ. फॉर्म्युला वनचा चालक चिडला, तर राग गाडीवर निघतो. गाडीला वेदना नसतात. धुरकऱ्यापुढे मात्र जिवंत जोडी असते. राग नेहमी उताराकडे वाहतो. साहेबावरचा राग शिपायावर, बाजारातला राग बायकोवर, बायकोचा लेकरावर आणि सगळ्यांचा मिळून मुक्या जनावरावर. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी अशा शर्यतींवर बंदी आणली, त्यामागे बैलांना होणारी मारहाण हेच मोठे कारण होते. 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. बैलाला काठी वा चाबूक लावायला नियमांनी मनाई आहे. म्हणजे धुरकऱ्याने आपला राग आवरणे, ही आता कायद्याचीही अपेक्षा आहे. अनुभवी धुरकरी तर कायद्याच्या आधीपासून जाणतात, की हरल्यावर मारलेला बैल पुढच्या वेळी माणूस जवळ येताच बिचकतो. लेकराचेही तसेच असते. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी बोललेले शब्द ते पुढच्या पेपरला सोबत घेऊन जाते.

त्या तासासाठी चार गोष्टी

पहिली, थांबा. निकाल, भांडण किंवा नुकसान कळल्यानंतरचा पहिला तास मोठा निर्णय नको, लांबलचक फोन नको, मोबाइलवर उत्तर लिहिणे नको. शक्य असेल तर रात्र जाऊ द्या.

दुसरी, श्वास. पाच-दहा मिनिटे सावकाश श्वास घ्या, मिनिटाला सहाच्या आसपास. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते. याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही.

तिसरी, नाव द्या आणि तुकडे करा. कागदावर दोन रकाने आखा. एकात माझ्या हातात जे होते ते, दुसऱ्यात जे नव्हते ते. पावसाने दगा दिला, भाव पडला, बैल बिचकला, हे दुसऱ्या रकान्यात जाते.

चौथी, आवाज. शर्यतीत चालकाच्या कानात एका अभियंत्याचा शांत आवाज असतो. चालक ओरडला, तरी तो ओरडत नाही. पुढचे वळण कोणते, एवढेच सांगतो. घरात कुणी हरून आले असेल, तर आपण तो आवाज व्हावे. "मी तुला आधीच सांगितले होते" हे वाक्य त्या दिवशी गिळावे. ते खरे असले तरीही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. चालकाला दोन आठवड्यांत पुढची शर्यत मिळते, त्याच्यामागे संघ उभा असतो. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याची शर्यत वर्षातून एकदाच येते आणि गाडीचा खर्च त्याच्याच अंगावर असतो. दीर्घ श्वासाने कर्ज फिटत नाही आणि बोंडअळीने खाल्लेला कापूस परत येत नाही. त्यासाठी भाव, विमा, पाणी हेच उपाय आहेत आणि ते मागत राहिलेच पाहिजे. मन सावरण्याचा उपयोग इतकाच, की ते मागण्यासाठी माणूस उभा राहावा.

म्हणून घरात लक्ष ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, माणूस कुणात मिसळत नसेल, दारू वाढली असेल किंवा "आता जगून काय करायचे" अशी भाषा तोंडी आली असेल, तर तो हरल्याचा साधा सल नव्हे, तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला एकटे सोडू नका, त्याच्याशी सरळ बोला. विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवस-रात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जाण्यात कमीपणा काही नाही.

शर्यत हरलेली जोडी घरी आणल्यावर जाणता धुरकरी आधी जू उतरवतो, बैलांना पाणी दाखवतो, त्यांच्या पाठीवर हात फिरवतो. कुठे चुकले, याची चर्चा त्यानंतर. घरी हरून आलेल्या माणसासाठीही हाच क्रम बरा.